पाण्यावरचा जमाखर्च

दिवाळी अंकात या पानावर मी माझ्या गळाच्या मासेमारीचा वार्षिक हिशेब द्यावा, असा आता पायंडाच पडून गेला आहे. लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही उघडतो, मी जुनी मिटतो, एवढाच काय तो फरक. माझी वही साधी, निळ्या पुठ्ठ्याची. कोपऱ्यांवर पिठाचे आणि पेंडीचे डाग. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. खर्चाचे पान दरवर्षी भरून वाहते. पुण्याहून भिगवणपर्यंतचे तिकीट, तंगूस, गळ, पेंड, पाव, मोडलेली काठी, मोडलेल्या काठीच्या जागी घेतलेली आणखी महाग काठी. जमेच्या पानावर मात्र मासे असतात, रुपये नसतात. कारण धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या पंथातला मी आहे. बावीस वर्षांत त्या पानावर रुपयाचा आकडा पडला नव्हता. यंदा पडला. तो कसा पडला हे सांगायचे तर २०२३ च्या दिवाळीपासून २०२४ च्या दिवाळीपर्यंतचे सबंध वर्षच उलगडावे लागेल.

नव्या वाचकांसाठी दोन शब्द. (जुन्यांनी हा परिच्छेद ओलांडून जावे, ते जातातच.) मी बसतो तो उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी, भीमेच्या पाण्यावर. माझे गिऱ्हाईक म्हणजे रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस. हे सगळे कार्प कुळातले. पहिले तिघे मूळचे आपल्या दख्खनचे नव्हेत. त्यांचे माहेर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या बाजूला. साठलेल्या पाण्यात ते अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी त्यांची पिल्ले बंगालच्या नद्यांतून गोळा करून रेल्वेने देशभर पाठवावी लागत. १९५७ च्या जुलैत हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञांनी ओरिसात माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचे टोचण देऊन तळ्यातल्या तळ्यात अंडी घालायला लावले, तेव्हापासून मत्स्यबीज मुबलक झाले आणि धरणाधरणांतून सोडले जाऊ लागले. सायप्रिनस तर आणखी लांबचा, परदेशी पाहुणा. पण त्याला पाहुणचाराची गरज नाही. तो कुठल्याही गढूळ पाण्यात घर मांडतो.

तर कार्तिकापासून सुरुवात करू. थंडीत मासा सुस्त असतो, गळाला तोंड लावायला कंटाळतो. पहाटे उठून जाण्यात शौर्य आहे, पण फायदा नाही. उन्हे चढून उथळ पाणी जरा ऊबदार झाले, की अकरा ते दोन एवढाच काय तो आशेचा काळ. उरलेला वेळ आमिष मळण्यात घालवावा. माझे आमिष म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, शेंगदाण्याची पेंड, शिळा पाव, जरासा मध नि भाजून कुटलेली बडीशेप. कटल्यासाठी गोळा सैल हवा, पाण्यात विरघळून ढग व्हावा असा. कारण कटला वरच्या थरात फिरत तोंडाने पाणी गाळून जेवतो. मृगळासाठी घट्ट, तळाशी जाऊन बसेल असा. रोहू मधला, त्याच्या ओठांना बारीक झालर असते नि स्वभावालाही. तो आमिषाला नुसते हुंगून जातो, पुन्हा येतो, कडेचा कण टिपतो. पाण्यावरची मोरपिसाची काडी तेवढी थरथरते. नवखा माणूस त्याच थरथरीला झटका देतो आणि रिकामा गळ डोक्यावरून मागच्या बाभळीत अडकवतो. काडी थरथरू द्यावी. ती तिरकी चालू लागली की रोहू. पाण्यावर उताणी पडली की तळाशी कोणी आमिष उचलले, म्हणजे बहुधा मृगळ. आणि कोणी बोटाने दाबल्यासारखी सावकाश खाली गेली, की श्वास रोखून धरावा, कारण तो कटला.

बडीशेपेवरून आमच्या घरी दरवर्षी एक संवाद होतो. "मुखशुद्धीची बडीशेप पुन्हा संपली?" "संपली." "माशांची मुखशुद्धी झाली का?" यावर मी मानसोल्लासाचा दाखला देतो. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' म्हणून चक्क गळाने मासे धरण्याचे प्रकरण आहे. दोर कसा असावा, काठी कशी असावी, कोणत्या माशाला काय खायला घालावे, सगळे आहे. राजाला शोभते ते मला का शोभू नये? "राजाकडे कोठार होते," असे उत्तर येते. असो.

पौषात काठावर आणखी एक गंमत असते. उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. मराठीत या गुलाबी पक्ष्याला रोहित म्हणतात, आणि संस्कृतात रोहू माशाचे नावही रोहितच. वर एक रोहित मान खाली घालून चिखल गाळतो आहे, खाली दुसरा रोहित माझ्या गोळ्याची झालर कातरतो आहे, आणि मधे मी. पुण्याहून येणारे फोटोवाले पहिल्यासाठी येतात. मला कोणी विचारीत नाही.

मला विचारतात ते एकटे आबा. आबा म्हणजे काठावरचे भोई. वय साठीच्या पुढे, अंगात बंडी, डोळ्यांना पाण्याची चमक लागून कायमची मिचमिच. त्यांची होडी आहे, जाळी आहेत, पहाटे काढलेला माल भिगवणच्या लिलावात देऊन नवाला ते परत येतात नि माझ्याशेजारी विडी ओढत बसतात. आमचा वाद जुना आहे. मी मासा सोडला की ते पाण्याकडे बघत म्हणतात, "सायेब, पोटासाठी धरला तर धरावा. खेळायला धरायचा म्हंजी त्याला बी तरास, तुमाला बी तरास." मी सांगतो, की गळ काट्याविना असतो, ओठाला इजा थोडी होते, मासा वाचतो. ते म्हणतात, "वाचतो न्हवं? मग धरला कशाला?" याला माझ्याकडे बावीस वर्षांत उत्तर सापडलेले नाही, तरी जाणे काही थांबलेले नाही.

२०२३ चा पावसाळा तुटीचा गेला होता. ज्यांना उजनीचा हिशेब ठाऊक नाही त्यांना सांगतो: धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, पण त्यातले जवळजवळ ६३ टीएमसी हा मृत साठा. वरचा उपयुक्त साठा संपला म्हणजे धरण संपले असे नव्हे, तर वर्तमानपत्रात 'उणे' टक्के छापायला लागतात. त्या वर्षी धरण शंभर टक्के भरलेच नाही, साठीच्या आसपास अडकले. आणि संक्रांत झाल्यावर थोड्याच दिवसांत उण्यात गेले. मला त्याची बातमी वाचावी लागली नाही. माझी बसायची जागा एका खडकापाशी आहे. डिसेंबरात खडकाला पाणी लागलेले होते. जानेवारीअखेर ते वीस पावले दूर गेले. शिमग्याला मी खडकाकडे पाठ करून चालू लागलो तो पाणी गाठायला पाव तास लागला. भेगाळलेला गाळ, त्यात शिंपल्यांचे थर नि मधूनच कोणाची तुटकी जाळी.

पाणी आटले की हौशी माणसाचे फावते, हे कबूल केले पाहिजे. मासा कमी जागेत दाटतो. फाल्गुन-चैत्रात माझ्या वहीत सायप्रिनसच सायप्रिनस आहेत: दोन किलो, अडीच, एक साडेचार. मिशाळ, जाड अंगाचा, पाठीवर लांब पर. गळाला लागला की हा वर येत नाही, चिखलाकडे धावतो, बैल खुंट्याला हिसका देतो तसा. मजा आली हे खोटे कशाला सांगू?

पण दाटलेला मासा फक्त मलाच दिसत नव्हता. त्याच दिवसांत मी वडाप पाहिले. वडाप म्हणजे मच्छरदाणीसारख्या बारीक आसाचे लांबच लांब जाळे. दहापंधरा माणसे दोन्ही टोके धरून ते काठाकडे ओढीत आणतात. त्याला बंदी आहे, नि तरी ते चालते. त्यातून काही सुटत नाही. मी बघितले त्या ओढीत एक मोठा मासा नव्हता. पाट्या भरभरून बोटाएवढी पिल्ले होती, रोहू-कटल्याची, चिलापीची, कसलीही. गाळावर पसरून वाळवायची नि पोत्यात भरायची. पाटीत हात घातला तर शेकडो पिल्ले बोटांतून चांदीच्या चुऱ्यासारखी निसटली. ती वाढली असती तर दोन वर्षांत एकेक दोन किलोचे झाले असते, हा हिशेब कोणालाही येतो. पण दोन वर्षांनंतरच्या हिशेबावर आज संध्याकाळची चूल पेटत नाही, हाही हिशेबच आहे.

जाळे ओढणाऱ्यांत एक तरुण माझ्याकडे बघून हसला नि मान वळवली. तो आबांचा धाकटा. मी आबांना काही बोललो नाही. तेच दोन दिवसांनी विडी विझवताना म्हणाले, "बघितलंत न्हवं? घरात आमी बोलत न्हाई एकमेकांशी. तो म्हनतो, तुमचं जाळं चार बोटांचं, त्यात आता घावतंय काय? चिलापी. खोटं बोलत न्हाई तो." आणि मग माझ्याकडे बघून, "पानी तर तुमच्या पुन्याचंच येतंय वो. त्यात काय जगंल त्येच जगायचं." मुळामुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीला, आमच्या न्हाणीघरातले पाणी कुठे जाते याचा विचार मी आजवर गळ टाकताना केला नव्हता. मी दुसरा विषय काढला.

वैशाखात आबा मला त्यांच्या गावी घेऊन गेले. गावी म्हणजे पाण्याखालच्या गावी. धरण झाले तेव्हा काठची गावे वर सरकली. जुनी आत राहिली. पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने दगडी देऊळ उघडे पडते, ते बघायला त्या उन्हाळ्यात लांबलांबून माणसे आली. आबांचे गाव तितके भाग्यवान नाही. तिथे बघण्यासारखे काही उरलेले नाही. गाळातून वर आलेली जोत्यांची दगडे, एक पाटा, विहिरीचे कडे. आबा त्या दगडांतून वाट माहीत असल्यासारखे चालत होते. "हितं वळायचं. ही आमची गल्ली." मग उतार लागला, मग दहाबारा पायऱ्यांचा मोडका घाट, आणि त्याखाली भीमेच्या मूळ पात्रात उरलेला डोह. त्या घाटावर त्यांचे वडील बांबूची काठी घेऊन बसायचे. "गळानं धरायचे?" मी विचारले. "मग काय! तवा धरान कुठं व्हतं? तुमचा रोहू नि कटला बी न्हवता. कानस, वाम, कोळस, मरळ. बा दिवसाला चार मासं धरायचा नि सोडत एक बी न्हवता." हे शेवटचे त्यांनी हसत सांगितले. बावीस वर्षांत त्यांनी हे मला कधी सांगितले नव्हते.

त्या डोहावर मी पुन्हा एकदा आलो तो मे महिन्याच्या अखेरीस. मधल्या काळात एक भयंकर गोष्ट घडली होती. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगाव ते कळाशी या वाटेवर प्रवाशांची होडी वळवाच्या वादळात बुडाली आणि सहा जणांचा जीव गेला. वैशाखातला दुपारनंतरचा वारा उजनीवर कसा अंगावर येतो, हे काठावर बसलेल्या माणसालाही कळते. पाणी पाहता पाहता काळे होते. त्यामुळे मी पहाटेच गेलो नि दहापर्यंत उठायचे ठरवले.

आठ वाजता काडी कोणी बोटाने दाबावी तशी खाली गेली.

पुढची चाळीस मिनिटे मी लिहीत बसत नाही. मासे धरणाऱ्याला ती ठाऊक आहेत आणि न धरणाऱ्याला खोटी वाटतात. चक्रीवरचा दोर संपत आला होता आणि माझे मनगटही. आबा कुठूनसे आले नि घाटाच्या शेवटच्या पायरीवर हातजाळी धरून उभे राहिले. मासा कुशीवर वळला तेव्हा आधी दिसले ते भले थोरले डोके, वर वळलेला खालचा ओठ, नि मग घागरीसारखे पोट. कटल्याची मादी, ताणकाट्यावर चौदा किलो भरली. बावीस वर्षांतला माझा सर्वांत मोठा मासा.

मी आनंदात होतो, आणि आनंदात माणूस फार बोलतो. पोट अंड्यांनी भरलेले आहे, महिनाभरात पाऊस येईल, पुराचे पाणी लागले की ही भीमेत वर चढेल, लाखांनी अंडी घालील, असे एक व्याख्यान मी आबांना दिले. ते गप्प होते. त्यांनी माशाच्या पाठीवरून एकदा तळवा फिरवला. "सोडताय?" एवढेच विचारले. "सोडतो तर!" मी म्हणालो. पाण्यात दोन्ही हातांवर तिला धरून ठेवली; कल्ल्यांची उघडझाप नीट सुरू झाली तशी ती हातांतून निघून गेली. मी वळून पाहिले तर आबा अर्धा घाट चढून गेले होते. हातजाळी पायरीवर ठेवलेली होती. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

भिगवणला गाडीची वाट पाहत टपरीवर चहा घेताना कारण कळले. त्या दुर्घटनेनंतर घरच्यांनी आबांची वल्ही काढून ठेवली होती. आठ दिवस होडी पाण्यात गेली नव्हती. घरात येत होते ते फक्त वडापाचे पैसे, आणि त्या पैशाच्या भाकरीला आबा हात लावीत नव्हते. तो कटला त्या दिवशी लिलावात दीड-पावणेदोन हजारांना सहज गेला असता. मी तो त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या बापाच्या घाटावरून, भाषण देऊन पाण्यात सोडला होता.

मी सोडले ते चूक होते असे मला आजही म्हणवत नाही. पोट खरोखरच भरलेले होते. पण त्यांना निदान विचारायला हवे होते. वहीत त्या दिवशीच्या जमेला मी 'कटला, १४ किलो' एवढेच लिहिले. शेजारी उद्गारचिन्ह काढले होते, ते नंतर खोडले.

जूनच्या आरंभी धरण उणे साठ टक्क्यांच्या घरात पोचले. मग पाऊस आला, तो असा आला की २५ जुलैला पुण्यात मुठेचे पाणी घरांत शिरले, आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात उजनी भरली. घाट, जोती, पाटा, विहीर, सगळे पुन्हा आत गेले. ती मादी वर चढली की कोणाच्या जाळ्यात गेली, देव जाणे. त्या दोन महिन्यांत गढूळ पाण्यात गळ टाकण्यात अर्थ नसतो, हे निमित्त मला बरे सापडले. श्रावण गेला, भाद्रपद गेला. मी काठ्यांना तेल लावीत घरी बसलो. "यंदा बडीशेप उरली आहे," असे एकदा सुचवून झाले. मी पेपर वाचीत होतो.

दसरा झाल्यावर गेलो. माझा खडक पाण्याखाली होता. मला वर बांधाच्या कडेला बसावे लागले. सकाळभरात एकच रोहू मिळाला, नीट वजन केले तर तीन किलो. मी तो सोडला नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवला. नवाच्या सुमारास आबांची होडी काठाला लागली. होडीत ते एकटेच होते. धाकटा अजून वडापावरच आहे. चेहरा उतरलेला होता, पण ते येऊन नेहमीच्या जागी बसले, विडी काढली. मेबद्दल मीही बोललो नाही, तेही बोलले नाहीत. मी गोणपाट त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी ते उघडून पाहिले. कल्ला वर करून लाल आहे की नाही ते पाहिले. उचलून हातावर तोलले. "तीन हाय," म्हणाले.

"तीनच आहे. तुम्हीच केला ना ताणकाटा?"

"आज लिलावात एकशेवीसनं गेला रोहू." त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून पिशवी काढली, शंभराच्या तीन नोटा, एक पन्नासाची, एक दहाची मोजून माझ्या आमिषाच्या डब्यावर ठेवली नि उडू नयेत म्हणून वर शिसे ठेवले.

"आबा, हे काय? मी तुम्हाला दिला तो."

"द्यायचा आसंल तर मोठा द्यायचा व्हता," ते म्हणाले. मग बराच वेळ पाण्याकडे बघून, "काडी बघा तुमची. हालतीया."

काडी हलत होती खरी. पण तो वारा होता.

घरी आल्यावर वही काढली. डाव्या पानावर, मासा लिहितो त्या ओळीत, पहिल्यांदाच रुपये लिहिले: तीनशे साठ. आमच्या घरातून ते पान बारकाईने वाचले गेले, उजवे पान त्याच्याशी ताडून पाहिले गेले, आणि त्यातले चाळीस रुपये बडीशेपेपोटी तिथल्या तिथे वळते करून घेण्यात आले.